दूषित रक्त आणि ब्रिटनची भरपाई: आपल्या लोकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये रुग्णालयांत दुभाषी म्हणून काम करते. मराठी, हिंदी आणि अडल्या वेळी गुजराती. मे २०२४ मध्ये दूषित रक्ताच्या चौकशीचा अहवाल आला तेव्हापासून हे प्रश्न मला कामावर कमी आणि कामाबाहेर जास्त विचारले गेलेत: फोनवर, हळदीकुंकवाला, एकदा तर गणपतीच्या आरतीनंतर चपला शोधता शोधता. तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. भरपाईचे नियम २०२४ आणि २०२५ मध्ये बदलत गेले आहेत, तेव्हा कुठल्याही कागदावर सही करण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचा ताजा मजकूर बघाच.

हे प्रकरण नेमकं काय आहे?

१९७० च्या दशकापासून १९९१ पर्यंत ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) उपचार घेणाऱ्या ३० हजारांहून अधिक लोकांना रक्तातून किंवा रक्तापासून केलेल्या औषधांतून एचआयव्ही आणि हिपॅटायटीसची (लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची) लागण झाली. सुमारे ३ हजार माणसं त्यात गेली. अजूनही जाताहेत.

यात दोन गट आहेत. पहिला हिमोफिलियासारखे रक्त न गोठण्याचे आजार असलेल्यांचा. त्यांतल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला आणि त्यांत जवळपास ३८० मुलं होती. दुसरा गट आकाराने कितीतरी मोठा, पण बातम्यांत कमी दिसतो: बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनमध्ये ज्यांना रक्त चढवलं गेलं ते. त्यांना मुख्यतः हिपॅटायटीस सी झाला. आपल्या वाचकांपैकी कुणाचा संबंध असलाच तर बहुधा या दुसऱ्या गटाशी असेल, म्हणून पुढे त्यावर जास्त लिहिलंय.

औषधातून लागण झालीच कशी?

हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात गोठवणारा एक घटक कमी असतो. बहुतेकांत तो फॅक्टर आठ नावाचा असतो. पूर्वी त्यासाठी रुग्णालयात जाऊन क्रायो, म्हणजे रक्तातून वेगळा काढलेला गोठवणारा अंश, घ्यावं लागे. ते मोजक्याच दात्यांच्या रक्तातून काढलेलं असायचं. १९७० च्या दशकात फॅक्टरची भुकटी आली. घरच्या फ्रिजमध्ये लहानशी बाटली ठेवायची, गुडघा सुजायला लागला की त्यात निर्जंतुक पाणी घालायचं, फेस होऊ नये म्हणून न हलवता हळूहळू फिरवायचं आणि शिरेत टोचायचं. मुलांना शाळा बुडवावी लागेना. आयांना वाटलं, देव पावला.

पण ती भुकटी करायला हजारो, कधी कधी दहा-दहा हजार दात्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकाच पिंपात ओतायचे. त्यात एकाचं रक्त दूषित असलं की सगळी बॅच दूषित. ब्रिटनला स्वतःचा माल पुरेना म्हणून अमेरिकेहून आणला. तिथे रक्त देण्याचे पैसे मिळत. पैशांची चणचण असलेली माणसं, तुरुंगातले कैदी, नशेच्या सुया वापरणारे, सगळ्यांचं त्या पिंपात आलं. भुकटी तापवून विषाणू मारण्याची पद्धत सर्रास सुरू झाली ती १९८४-८५ च्या सुमारास.

तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं, असं ऐकलं. खरं का?

सरकार कित्येक वर्षं हेच म्हणत आलं. चौकशी समितीने ते मान्य केलेलं नाही.

रक्तातून हिपॅटायटीस पसरतो हे फॅक्टरच्या आधीपासून माहीत होतं. विकतच्या रक्तात धोका जास्त, हेही माहीत होतं. १९७० च्या दशकाच्या मध्यात डेव्हिड ओवेन या मंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की ब्रिटन स्वतःच्या गरजेपुरतं फॅक्टर स्वतः तयार करेल. ते झालं नाही. मे १९८३ मध्ये साथीच्या रोगांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी केंद्राचे प्रमुख डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला लेखी कळवलं की अमेरिकन रक्तापासून केलेली ही औषधं तूर्त मागे घ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरोग्यमंत्री केनेथ क्लार्क संसदेत म्हणत होते की एड्स रक्तोत्पादनांतून पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही. रक्तदात्यांची एचआयव्ही तपासणी सुरू झाली ऑक्टोबर १९८५ मध्ये, हिपॅटायटीस सीची सप्टेंबर १९९१ मध्ये. हिपॅटायटीस सीचा विषाणू १९८९ मध्ये सापडला होता आणि कित्येक देशांनी ब्रिटनच्या आधी चाचणी सुरू केली होती.

हॅम्पशरमधली ट्रेलोर्स ही अपंग मुलांची निवासी शाळा. तिथेच हिमोफिलियाचं केंद्र होतं, म्हणून देशभरातून आईबापांनी विश्वासाने मुलं तिथे ठेवली. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलिया असलेली १२२ मुलं तिथे शिकली. त्यांतली आज ३० च्या आसपास हयात आहेत. मुलांवर औषधांचे प्रयोग झाले आणि आईवडिलांना धड सांगितलंही गेलं नाही, असं अहवालात नोंदलंय. हे पान मी दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा मधेच उठले.

चौकशीचे प्रमुख सर ब्रायन लँगस्टाफ यांचा निष्कर्ष असा की हा अपघात नव्हता. डॉक्टर, रक्तसेवा आणि लागोपाठची सरकारं यांनी रुग्णाच्या सुरक्षिततेला पहिलं स्थान दिलं नाही. शिवाय पुढे झाकाझाक केली, काही सरकारी कागद तर १९९३ मध्ये जाणूनबुजून नष्ट केले.

भरपाई मिळायला चाळीस वर्षं का लागली? आधी काहीच दिलं नव्हतं?

दिलं, पण दान दिल्यासारखं. १९८८ मध्ये एचआयव्ही झालेल्या हिमोफिलिया रुग्णांसाठी मॅकफार्लेन ट्रस्ट काढला. १९९१ च्या तडजोडीत पैसे घेताना रुग्णांकडून लिहून घेतलं की हिपॅटायटीसबद्दल पुढे दावा करणार नाही. आपल्याला हिपॅटायटीस सीसुद्धा झालाय हे त्यांतल्या अनेकांना तेव्हा माहीतही नव्हतं. हिपॅटायटीस सीसाठीचा स्किप्टन फंड यायला २००४ उजाडलं. या ट्रस्टांकडे वॉशिंग मशीनसाठी, खोलीच्या हीटरसाठी अर्ज करावे लागत आणि गरज सिद्ध करायला घरचा जमाखर्च मांडावा लागे. कुणीही 'आमची चूक झाली' म्हणत नव्हतं, त्यामुळे मिळेल ती रक्कम 'मदत' होती.

जुलै २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी चौकशी जाहीर केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये हयात रुग्णांना आणि मागे राहिलेल्या जोडीदारांना १ लाख पौंडांची हंगामी रक्कम मिळाली. २० मे २०२४ रोजी सात खंडांचा अहवाल आला, त्याच दिवशी ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. चार दिवसांनी कायदा मंजूर होऊन भरपाईसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. त्याचं मुख्य कार्यालय न्यूकॅसलला आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात ११.८ अब्ज पौंडांची तरतूद झाली.

भरपाई कुणाला मिळू शकते?

ब्रिटनमध्ये एनएचएसच्या उपचारात रक्त, रक्तोत्पादन किंवा ऊती दिल्यामुळे ज्यांना एचआयव्ही, हिपॅटायटीस सी किंवा हिपॅटायटीस बी झाला त्यांना. परदेशी तैनातीवर असताना लागण झालेले ब्रिटिश सैनिकही यात येतात. त्याशिवाय लागण झालेल्यांचे जवळचे: नवरा-बायको किंवा जोडीदार, आईवडील, मुलं, लहानपणी एका घरात वाढलेली भावंडं आणि पगार न घेता सेवा करणारं माणूस.

तारखा महत्त्वाच्या आहेत. हिपॅटायटीस सीसाठी रक्त १ सप्टेंबर १९९१ च्या आधी चढवलेलं असेल तर प्रकरण सोपं, हिपॅटायटीस बीसाठी १ डिसेंबर १९७२ च्या आधी. त्यानंतर तपासणी सुरू झाली होती, म्हणून नंतरच्या लागणीसाठी जास्त भक्कम पुरावा मागतात. एचआयव्हीसाठी सुरुवातीला '१९८२ च्या आधीची लागण धरणार नाही' अशी अट होती. ती अन्यायाची असल्याचं लँगस्टाफ यांनी जुलै २०२५ च्या पुरवणी अहवालात सुनावलं आणि सरकारने त्याच महिन्यात ती काढण्याचं मान्य केलं.

आम्ही तिकडे दहा वर्षं राहून पुण्याला परत आलो. पासपोर्ट भारतीय आहे. चालेल?

लागण कुठे झाली हे बघतात, तुम्ही आज कुठे राहता हे नाही. १९७०-८० च्या काळात आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर आणि नर्स एनएचएसमध्ये काही वर्षं नोकरी करून परतले. त्यांच्या घरात कुणाचं बाळंतपण तिकडे झालं असेल, रक्त चढवलं असेल, तर हा प्रश्न त्यांचाही आहे.

उलट प्रकार: रक्त मुंबईत चढवलं, आजार लेस्टरमध्ये कळला.

मग या योजनेत बसत नाही. उपचार मात्र एनएचएसमध्ये बाकीच्यांसारखेच मिळतील. भारताबद्दल खाली लिहिलंय.

किती रक्कम मिळते?

पाच गोष्टींचा हिशोब करतात: शरीराला झालेली इजा, समाजात सोसावं लागलेलं एकटेपण, स्वतःच्या आयुष्याबद्दलचे निर्णय हातातून जाणं (मूल होऊ द्यायचं की नाही हेही त्यात आलं), सेवाशुश्रूषेचा खर्च आणि बुडालेली कमाई. आजार कुठल्या पायरीवर आहे त्यावर आकडा ठरतो.

मे २०२४ मध्ये सरकारने दिलेल्या अंदाजात एचआयव्ही झालेल्या हयात व्यक्तीसाठी २२ ते २६ लाख पौंड आणि जुनाट हिपॅटायटीस सीसाठी ६ लाख ६५ हजार ते ८ लाख १० हजार पौंड असे आकडे होते. एचआयव्ही असलेल्या हयात व्यक्तीच्या जोडीदाराला सुमारे १ लाख १० हजार. नंतर नियम सुधारलेत, त्यामुळे हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून. आधी मिळालेली हंगामी रक्कम यातून वजा होते. २०२४ च्या उन्हाळ्यात हयात रुग्णांना दिलेले २ लाख १० हजार पौंडही त्यातच धरले जातात. पैसे एकरकमी घेता येतात किंवा ५, १० अथवा २५ वर्षांच्या हप्त्यांत.

एक काकू मला म्हणाल्या, "एवढे पैसे! नशीब उघडलं की." त्यांना मी काही बोलले नाही. ज्या बाईंचा विषय चालला होता त्यांच्या लिव्हरवर तेव्हा कॅन्सरची गाठ होती.

या पैशांवर कर लागतो का? सरकारी भत्ते बंद होतील का?

ब्रिटनमध्ये त्यावर प्राप्तिकर, भांडवली नफ्यावरचा कर किंवा वारसा कर लागत नाही आणि भत्त्यांसाठी ही रक्कम उत्पन्नात धरत नाहीत. मात्र ब्रिटनची करमाफी भारताच्या आयकर खात्याला लागू होत नाही. पैसे भारतात आणणार असाल तर आधी सीएशी बोला. रकमेवर मिळणाऱ्या व्याजाचं गणित वेगळं, तेही विचारा.

अर्ज कसा करायचा?

आधीच्या मदत योजनांत ज्यांचं नाव आहे त्यांना प्राधिकरण स्वतःहून बोलावतं. बाकीच्यांना सरकारी संकेतस्थळावर दावा करायचा असल्याची नोंद करता येते. पाळी आली की तुमच्या प्रकरणासाठी एक माणूस नेमून देतात, त्याच्याशी फोनवर बोलता येतं. वकिलाचा आणि आर्थिक सल्ल्याचा खर्च प्राधिकरण देतं.

म्हणून टक्केवारी मागणारा एजंट भेटला की फोन ठेवून द्या. 'तुमची केस आम्ही लवकर लावून देतो' म्हणणारेही आलेत. लवकर लावून देणं त्यांच्या हातात नाही.

आणि हो, दुभाषी मागा. तो फुकट असतो आणि मागितल्याने तुमची बाजू कमकुवत होत नाही. मुलाला किंवा सुनेला मधे बसवू नका. सासू सुनेसमोर बाळंतपणातलं सगळं सांगत नाही आणि मुलगा आईची लाज राखायला अर्धं गाळतो. मी हे रोज बघते.

रुग्णालय म्हणतं, तुमचे कागद आता नाहीत. संपलं का मग?

नाही. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पन्नास वर्षांपूर्वीचे केसपेपर बहुतेक ठिकाणी नष्ट झालेत. दावा मंजूर करताना शंभर टक्के खात्री मागत नाहीत. सगळा पुरावा एकत्र पाहून 'असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त आहे का' एवढंच तपासतात. त्यामुळे बारीकसारीक कागदांना किंमत आहे: जीपीकडची (म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडची) जुनी नोंद, डिस्चार्जचं पत्र, लिव्हरच्या डॉक्टरने लिहिलेला इतिहास, तेव्हा घरी लिहिलेली पत्रं, अंगावरचा व्रण.

आमच्या घरची गोष्ट. १९७९ मध्ये धाकट्या नणंदेच्या वेळी सासूबाईंना खूप रक्तस्राव झाला. जीपीच्या प्रत्येक फॉर्मवर 'आधी काही मोठा आजार किंवा ऑपरेशन?' या रकान्यात त्या चाळीस वर्षं 'नाही' सांगत आल्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "आजार कुठे होता? बाळंतपण होतं." मी दुभाषी, आणि माझ्याच घरात हे मला २०२४ पर्यंत माहीत नव्हतं. रुग्णालयाला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की नियमाप्रमाणे कागद नष्ट केले आहेत. मग एका रविवारी त्यांनी क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा जांभळा पत्र्याचा डबा उघडला. वर बटणं, रिळं, तुटलेली हुकं, तळाशी गरोदरपणातलं तपासणीचं कार्ड. घडीवर चिरलेलं, कडेला चहाचा डाग. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं की दोन युनिट रक्त दिलं. तो डबा आम्ही दिवाळीत फराळ पाठवायला रिकामा करणार होतो.

मलाही तेव्हा रक्त चढवलं होतं, पण तब्येत ठणठणीत आहे. तपासू का?

तपासा. हिपॅटायटीस सी वीस-तीस वर्षं काहीही न कळवता लिव्हर पोखरू शकतो. थकवा येतो, पण साठीला थकवा कुणाला नसतो! इंग्लंडमध्ये जून २०२५ पासून जीपीकडे नवीन नाव नोंदवताना, १९९६ च्या आधी जन्मलेल्यांना त्याआधी रक्त चढवलं होतं का, असं विचारतात. पण जुन्या रुग्णांना कुणी आपणहून विचारत नाही, तुम्हीच सांगायला हवं. जीपीकडे साधी रक्ततपासणी होते. इंग्लंडमध्ये एनएचएसचा घरी करायचा संचही मोफत मागवता येतो, टपालाने साध्या पाकिटात येतो.

सासूबाईंनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर केला. हात गरम पाण्यात धरले, बोट टोचलं आणि नळीत रेघेपर्यंत रक्त भरेना. थेंब थेंब गळेपर्यंत पाऊण तास गेला, मधे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. दोन आठवड्यांनी निकाल आला: लागण नाही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले हिपॅटायटीस. म्हणजे कावीळच ना? ती तर बरी झाली होती.

इथे आपली भाषाच दगा देते. आपण सगळ्याला कावीळ म्हणतो. उसाचा रस, मूळव्याधीपासून काविळीपर्यंत सगळ्याचं औषध देणारा कुणी वैद्य, महिनाभर बिनतेलाचं, आणि डोळे पांढरे झाले की विषय मिटला. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे ए किंवा ई, बहुधा अशीच जाते. बी आणि सी रक्तातून येतात आणि मुक्काम ठोकून बसू शकतात. सीमध्ये तर पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. म्हणून अर्जात किंवा डॉक्टरकडे नुसतं 'कावीळ झाली होती' म्हणू नका, कुठली ते विचारून घ्या.

दुसरा सापळा: 'रक्त दिलं'. 'त्यांनी रक्त दिलं' आणि 'त्यांना रक्त दिलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि घाईत बोलताना तो एका अक्षरावर अवलंबून असतो. एका मोठ्या रुग्णालयात माझ्यासमोर एका आजोबांच्या फाइलमध्ये 'रक्तदाता' अशी नोंद निघाली. ते बिचारे आयुष्यात कधी रक्तदानाला गेले नव्हते. दुभाषासमोरही 'मला रक्त चढवलं' असंच म्हणा.

हिपॅटायटीस सी निघाला तर पुढे काय?

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. सहा महिने ते वर्षभर ताप, केस गळणं, खोल नैराश्य आणि शेवटी गुण येईलच याची खात्री नाही. कुटुंबं मोडली त्यात. आता ८ किंवा १२ आठवड्यांच्या गोळ्या आहेत आणि शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. एनएचएसमध्ये त्या मोफत आहेत.

पण विषाणू गेला म्हणून लिव्हर नवं होत नाही. सिरॉसिसपर्यंत (लिव्हर कायमचं निबर होण्यापर्यंत) गेलेल्यांनी दर सहा महिन्यांनी अल्ट्रासाउंड करायलाच हवा, कारण कॅन्सरचा धोका उरतो. 'तुम्ही बरे झालात' म्हणून यादीतून नाव काढलेले रुग्ण मी पाहिलेत. अशी वेळ आली तर लिव्हर विभागाकडून लेखी घ्या की तपासणी का थांबवली. प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) चाचणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, त्याने घाबरू नका. विषाणू आहे की नाही हे आरएनए चाचणी सांगते.

आणि एचआयव्ही असेल तर?

रोजच्या गोळ्यांनी आयुष्य जवळपास इतरांइतकं होतं. विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून पसरत नाही.

एका ताटात जेवलं तर होतं का?

होत नाही. कप, ताट, टॉवेल, मिठी, नातवंडाचा पापा, कशानेच नाही. दाढीचं पातं, टूथब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं ठेवा.

रुग्ण वारला. आता कोण दावा करणार?

मृत व्यक्तीच्या वतीने मृत्युपत्रातला व्यवस्थापक दावा करतो. मृत्युपत्र नसेल तर न्यायालयातून तसा अधिकार घ्यावा लागतो. रक्कम इस्टेटीत जमा होते आणि मग वारसांत वाटली जाते. विधवेचा किंवा मुलांचा स्वतःच्या त्रासाबद्दलचा दावा याहून निराळा, तो त्यांनी स्वतः करायचा. म्हणजे एका घरातून चार-पाच दावे जाऊ शकतात. भावाभावांत बोलणं बंद असेल तर आधी ते सुरू करा. वारसाहक्काची कागदपत्रं भारतातून मागवायची असतील तर महिने जातात.

सप्टेंबर २००४ च्या सुमाराला मेंदूच्या कुठल्याशा रोगाबद्दल पत्र आलं होतं. ते यातलंच का?

हो. ब्रिटनमध्ये काढलेल्या प्लाझ्मातून सीजेडीच्या एका प्रकाराचा धोका असू शकतो, असं हिमोफिलियाच्या रुग्णांना २००४ मध्ये कळवलं होतं. ते पत्र जपून ठेवा, तोही एक पुरावा आहे.

मन ताळ्यावर येत नाही. कुणाशी बोलायचं?

इंग्लंडमध्ये एनएचएसने दूषित रक्ताच्या रुग्णांसाठी आणि कुटुंबीयांसाठी खास मानसोपचार सेवा सुरू केली आहे. समाजातल्या कुणाला कळेल या भीतीने आपली माणसं तिथे जात नाहीत. १९८० च्या दशकात काही घरांच्या भिंतींवर 'एड्स' रंगवलं गेलं होतं, त्यामुळे ही भीती उगाच नाही. पण तिथे बोललेलं बाहेर जात नाही आणि माझ्यासारख्या दुभाषावरही ते बंधन असतं. ओळखीचा दुभाषी नको असेल तर स्पष्ट सांगा, दुसऱ्या गावचा फोनवर मिळतो.

कुणाला शिक्षा झाली?

ब्रिटनमध्ये कुणालाही नाही. फ्रान्समध्ये राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राचे प्रमुख तुरुंगात गेले. आयर्लंडने १९९६ मध्ये कायदाच केला आणि लागण झालेल्यांना एक कार्ड दिलं. ते दाखवलं की डॉक्टर, औषधं, घरची शुश्रूषा, दात-डोळे सगळं जन्मभर मोफत. मला विचाराल तर पैशांइतकंच ते कार्ड मोलाचं आहे. म्हाताऱ्या माणसाला दर वेळी नव्या डॉक्टरपुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

भारतात असं झालं तर काय?

अशी सरसकट भरपाई योजना भारतात नाही. जो तो कोर्टात जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाच्या एका माजी कर्मचाऱ्याला १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये द्यायला लावले. २००२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी लष्करी रुग्णालयात त्यांना रक्त चढवलं होतं, एचआयव्ही कळला २०१४ मध्ये. नऊ वर्षं ते भांडत होते.

रक्त विकत घेण्याला भारतात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे. तरी घटना घडतात. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची बातमी आली, त्यांतलं एक मूल गेलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्याला नोटीस काढली. लागण ताजी असेल तर साध्या चाचणीत ती दिसत नाही. त्यासाठी थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी लागते आणि ती सगळीकडे सक्तीची नाही. घरात वारंवार रक्त लागणारं मूल असेल तर रक्तपेढीला 'नॅट झालीय का' एवढं विचारा आणि पिशवीचा नंबर दर वेळी वहीत लिहून ठेवा.

उपचारांचं म्हणाल तर जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटीस सीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. एचआयव्ही असलेल्यांशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहेत, प्रमाणपत्र काढून घ्या.

शेवटची तारीख कोणती?

३१ मार्च २०३१. ज्यांना लागण झाल्याचं उशिरा कळेल त्यांना निदानापासून सहा वर्षं. कागद शोधायला आजच बसा, आणि पत्र्याचे डबे तळापर्यंत उपसा.